एकतीस मतपत्रिका

गुरुजींचा फोन आला तेव्हा सुवर्णा प्रसादाच्या शिऱ्यासाठी रवा भाजत होती. शनिवारची सकाळ, सव्वासात. "वहिनी, जरा अडचण आहे," एवढं ऐकलं आणि तिनं गॅस बंद केला.

"मी निघालोच होतो," गुरुजी म्हणाले. "पण मुलानं तुमच्या घरासमोरचा व्हिडिओ दाखवला. माझ्या ग्रीन कार्डाचं अजून व्हायचंय, तुम्हाला माहीत आहे. पोलीस, कॅमेरे, त्या गर्दीतून धोतर नेसून मी यायचं म्हणजे... शांत पुढं ढकलता येते, वहिनी. शास्त्रात तशी सोय आहे."

"बरोबर आहे तुमचं. मी यांना सांगते."

मनोहरांच्या सत्तरीच्या शांतीला चाळीस माणसं येणार होती. गुरुवारपासून एकेक कमी होत गेलं. कुणाला फ्लू झाला, कुणाच्या मुलाची रोबोटिक्सची स्पर्धा निघाली, कुणाकडे अचानक पाहुणे आले. खरं बोलली ती एकटी शोभना. वीस वर्षं मागच्या रस्त्यावर राहणारी शोभना फोनवर म्हणाली, "सुवर्णा, मला भीती वाटते गं. रागावू नकोस." सुवर्णा रागावली नाही. भीती तिलाही वाटत होती, फक्त तिला स्वतःच्याच घरी येणं कॅन्सल करता येत नव्हतं.

पुढच्या खिडकीचे पडदे कालपासून ओढलेले होते. पडद्यापलीकडे, फुटपाथवर, माणसं पुन्हा जमायला लागली होती. पहाटे पहाटे तिनं सात मोजली होती. आता वीस तरी असतील.

मंगळवारी मतदान झालं. बुधवारी दुपारी राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल लागला आणि त्यांच्याच मिशिगन राज्यानं तो ठरवला, तोही जेमतेम नऊ हजार मतांनी. हरलेल्या उमेदवाराची माणसं त्याच दुपारी रस्त्यावर उतरली. गुरुवारी सकाळी बावीस सेकंदांची एक क्लिप सगळीकडे फिरली. मोजणीच्या हॉलमध्ये काचेपलीकडून कुणीतरी घेतलेली. तिच्यात चेहरा नव्हता. करड्या स्वेटरच्या बाह्या, सावळे म्हातारे हात, आणि ते हात काळ्या पेनानं एकामागून एक कोऱ्या मतपत्रिका भरत होते. खाली लिहिलं होतं, आपली निवडणूक अशी चोरली.

हात मनोहरांचे होते. रिटायर झाल्यापासून ते दर निवडणुकीला शेजारच्या गावात मोजणीला बसत. तिथं माणसं कमी पडत. पोस्टानं आलेली मतपत्रिका फाटली, भिजली, तिच्यावर कॉफी सांडलेली असली तर मशीन ती घेत नाही. मग दोन पक्षांची दोन माणसं शेजारी शेजारी बसतात. एक जण वाचतो, दुसरा कोऱ्या मतपत्रिकेवर जसंच्या तसं उतरवतो, आणि दोघं सही करतात. मंगळवारी अशा एकतीस निघाल्या. डोरिस नावाच्या बाईंनी वाचून दाखवल्या, मनोहरांनी उतरवल्या. क्लिपमध्ये डोरिस नव्हत्या. कॅमेरा तेवढा वळलाच नव्हता.

"गुरुजी?" आसावरीनं दारातून विचारलं. तिच्या हातात उघडा लॅपटॉप होता.

"नाही येत."

"वाटलंच."

आसावरी, थोरली, दुसऱ्या राज्यात वेस्ट विंडसरला एका औषध कंपनीत नियम पाळले जातायत की नाही ते बघण्याचं काम करायची. गुरुवारी रात्री ती वडिलांच्या शांतीसाठी म्हणून विमानातून उतरली, आणि तेव्हापासून वकील, पोलीस आणि पत्रकार यांच्याशी फोनवर बोलत होती.

"आई, बाबांचं नाव कसं बाहेर आलं ते कळलं मला. बस जरा."

"बसायला वेळ नाही मला."

"सिद्धूनं दिलं."

सुवर्णा कढईतला रवा ताटात काढत राहिली.

"हे बघ. त्याच्या त्या हरलेल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलंय, हा म्हातारा कोण, कुणी ओळखतं का. खाली सिद्धूनं लिहिलंय, हे माझे वडील आहेत, ते असलं काही करणार नाहीत, ही प्रोसिजर असते. स्वतःच्या पूर्ण नावानं. वीस मिनिटांत खाली आपल्या घराचा पत्ता. आणि त्याच्याही आधी, सकाळी सात वाजता, ती क्लिप त्यानंच पुढं पाठवली होती. ॲरेस्ट धिस मॅन, असं लिहून."

सुवर्णानं कढई सिंकमध्ये ठेवली. आसावरी तिच्याकडे बघत राहिली.

"तुला माहीत होतं."

"गुरुवारी दुपारी फोन आला होता त्याचा. रडत होता."

"आणि तू बाबांना सांगितलं नाहीस."

"नाही. तूही सांगू नकोस. आज तरी नको."

"दर वेळी हेच, आई. कॉलेज सोडलं तेव्हा हेच, घर बँकेनं घेतलं तेव्हा हेच. आज नको, बाबांना नको."

"त्याला कळलं नाही गं ते हात यांचे आहेत म्हणून."

"अडतीस वर्षांचा आहे तो. बापाचे हात कळले नाहीत?"

जिन्याशी पाऊल वाजलं. मनोहर आंघोळ करून, पीतांबर नेसून, खांद्यावर उपरणं टाकून उभे होते. किती वेळ उभे होते ते कळायला मार्ग नव्हता.

"गुरुजी किती वाजता पोचतायत?" त्यांनी विचारलं.

"येत नाहीत," सुवर्णा म्हणाली.

"बरं," मनोहर म्हणाले. "मग कपडे बदलून येतो."

*

साडेनऊला सिद्धेशची गाडी रस्त्याच्या तोंडाशी आली तेव्हा पुढं जायला जागा नव्हती. शेजारी त्याची बायको दीपा होती. गुरुवारपासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. मागे त्यांची नऊ वर्षांची रीमा, आजोबांसाठी केलेलं कार्ड मांडीवर धरून.

माणसं गाडीभोवती आली. एकानं बॉनेटवर थाप मारली. कुणीतरी वाकून आत बघितलं आणि ओरडलं की हे त्याच्याच घरचे आहेत. मग दुसरा एक जण पुढं आला, दाढीवाला, डोक्यावर शिकारी टोपी. सिद्धेशनं त्याला ओळखलं. गाड्यांच्या ट्रान्समिशनच्या प्लांटमध्ये तो सिद्धेशच्याच शिफ्टला होता.

"जाऊ द्या," तो माणूस इतरांना म्हणाला. "हा आपला आहे."

गर्दी दुभंगली. रीमानं मागून विचारलं, "डॅड, हाउ डू दे नो यू?"

सिद्धेशनं गाडी ड्राइव्हवेत घेतली आणि इंजिन बंद केलं.

तो या माणसांत कसा आला हे त्याला कुणाला नीट सांगता आलं नव्हतं. प्लांट बंद झाला तेव्हा बाराशे माणसं घरी बसली. बाबांच्या ओळखीच्या काकांनी रेझ्युमे मागवले आणि उत्तरं दिली नाहीत. ताईनं कोडिंगचा ऑनलाइन कोर्स पाठवला. बंद प्लांटच्या गेटवर येऊन उभा राहिला तो एकच माणूस, तो उमेदवार. त्या दिवशी थंडीत सिद्धेश चार तास उभा होता आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं, आपल्याला कुणीतरी मोजलं. बुधवारी तो हरला तेव्हा काहीतरी चोरीला गेलंय असंच वाटलं. अजूनही वाटत होतं. बाबांच्या टेबलावर नाही, पण कुठंतरी.

आत दिवाणखान्यात चौरंग मांडलेला होता. कलश, नारळ, फुलांचं ताट, सगळं तयार. मनोहर साध्या पँट-शर्टात सोफ्यावर बसले होते. त्यांनी रीमाला जवळ घेतलं, कार्ड उघडून वाचलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि तिला आजीकडे पाठवलं. मग म्हणाले, "सिद्धू, ती क्लिप तू पुढं पाठवलीस?"

सिद्धेशनं आईकडे बघितलं. आईनं मान हलवली, म्हणजे तिनं सांगितलं नव्हतं. ताईनंही सांगितलेलं दिसत नव्हतं.

"बाबा, मला ओळखू नाही आलं. आय स्वेअर. फोनवर एवढंसं दिसत होतं."

"ओळखू आलं नाही, ते ठीक आहे," मनोहर म्हणाले. "पण दुसऱ्या कुणाचे हात असते, तर तू लिहिलंस ते बरोबर होतं?"



"आणि मग नाव देऊन टाकलंस," आसावरी म्हणाली.

"मी डिफेंड करत होतो, ताई. लोक काहीही लिहीत होते. मी म्हटलं, माझं नाव बघून तरी ते थांबतील. त्यांना मी माहीत आहे."

"तुझी माणसं. किती छान थांबली."

"बुधवारी फॅमिली ग्रुपवर तू काय टाकलं होतंस?" सिद्धेशचा आवाज चढला. "आता या अडाण्यांना तोंड लपवायला जागा नाही. खाली शॅम्पेनचा फोटो. मी आहे त्या ग्रुपवर. दीपा आहे."

"तो जोक होता."

"मला नाही वाटला."

"पुरे," सुवर्णा म्हणाली. बाहेर भोंग्यावर कुणीतरी बोलायला लागलं होतं. शब्द कळत नव्हते, पण मधूनमधून आडनाव कळत होतं, मोडकंतोडकं उच्चारलेलं.

सिद्धेश वडिलांसमोर गालिच्यावर बसला. "बाबा, एक करा. दोन मिनिटांचा व्हिडिओ. त्या एकतीसमध्ये आमच्या माणसाची मतं किती होती ते सांगा. निम्मी असतील, दहा असतील, जेवढी असतील तेवढी. लोक एवढंच मागतायत. मी ओळखतो त्यांना. सांगितलंत की जातील."

"व्हिडिओ नाही," आसावरी म्हणाली. "बाबा, माझी एक मैत्रीण आहे, मोठ्या चॅनलवर. ती दुपारी येईल. तुम्ही फक्त काय झालं ते सांगा. सत्तर वर्षांचा माणूस, वाढदिवसाची पूजा, बाहेर हे लोक. सगळ्या देशाला दिसू दे हे काय लायकीचे आहेत."

मनोहरांनी आधी एकीकडे, मग दुसरीकडे बघितलं.

"म्हणजे मी दोघांच्याही उपयोगाचा आहे," ते म्हणाले.

"असं काय बोलता," आसावरी म्हणाली.

"हात वर करून शपथ घेतली आहे मी. कुठल्या कागदावर काय होतं ते मी बोलायचं नाही. व्हिडिओत नाही, चॅनलवर नाही."

"ते तुम्हाला चोर म्हणतायत, बाबा."

"म्हणू देत."

दीपा इतका वेळ दाराशी कोट हातात धरून उभी होती. ती हळू म्हणाली, "बाबा, रीमाच्या शाळेत पोचलंय. काल बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. तिनं मला सांगितलंसुद्धा नाही, ड्रायव्हरनं सांगितलं."

मनोहर उठले आणि आतल्या खोलीत गेले.

*

एकतीसपैकी बावीस मतपत्रिका बाहेर ओरडणाऱ्यांच्याच उमेदवाराच्या होत्या. मनोहरांना हे ठाऊक होतं, कारण गोल त्यांनीच काळे केले होते. पलंगाच्या कडेवर बसून ते पुन्हा तोच आकडा मनात बघत होते. एक वाक्य होतं. बाहेर जाऊन बोललं तर कदाचित खरंच अर्धी माणसं घरी गेली असती.

त्यांचे वडील आप्पा चांदा जिल्ह्यात मास्तर होते आणि बासष्ट साली इलेक्शन ड्यूटीवर गेले होते. बैलगाडीनं दोन दिवस, पुढं एक दिवस पायी. परत आल्यावर गावच्या पाटलानं त्यांना घरी जेवायला बोलावलं आणि विचारलं, मास्तर, त्या गावानं कुणाला दिली? आप्पा म्हणाले, पेटीला सील केलं तेव्हा तोंडालाही केलं. पाटलानं पुढची चार वर्षं बदल्या करवून त्यांना गावोगाव फिरवलं. सात वर्षांच्या मनोहरला त्या गोष्टीतली बैलगाडी आवडायची. बदल्या आईनं सोसल्या, हे त्यांना फार उशिरा कळलं.

त्यांनी डोरिसना फोन लावला. सहा निवडणुका दोघं एकाच टेबलावर बसले होते. डोरिस हरलेल्या पक्षाच्या आणि मनोहर जिंकलेल्या. दुपारच्या सुट्टीत त्या लिंबाच्या वड्या आणायच्या आणि मनोहर चिवडा न्यायचे. दोघांनी निवडणुकीविषयी एक शब्दही कधी काढला नव्हता. गुरुवारपासून त्या फोन उचलत नव्हत्या. आज उचलला.

"मॅनी," त्या म्हणाल्या. "मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते."

"डोरिस, तुला फक्त एवढं सांगायचंय की तू तिथं होतीस. बाकी काही नको."



"काल एक रिपोर्टर आला होता," त्या म्हणाल्या. "मी त्याला सांगितलं, मी मध्ये एकदा बाथरूमला गेले होते. त्या वेळेत काय झालं ते मी सांगू शकत नाही."

"तू गेली नव्हतीस. एकतीस होईपर्यंत आपण दोघंही उठलो नाही."

"लांबलचक दिवस होता, मॅनी. गेलेही असेन."

"प्रत्येकीवर तुझी सही आहे."

"माझा मुलगा इथंच राहतो. माझं चर्च इथं आहे. या माणसांत मला मरायचंय," डोरिस म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "तुझा वाढदिवस आज ना? मी तुमच्याकडे यायला नवा स्कार्फ घेतला होता."

मनोहरांनी त्यांचे आभार मानले. का मानले ते त्यांना कळलं नाही. सवयीनं तोंडातून निघालं. फोन ठेवतात तोच पुन्हा वाजला. निवडणूक ऑफिसमधल्या बाई होत्या. त्या चांगल्या होत्या, बारा वर्षांच्या ओळखीच्या. म्हणाल्या, सोमवारी फेरतपासणीला तुम्ही येऊ नका. कुणी तुमच्यावर संशय घेत नाही, पण तुमच्या सुरक्षेच्या दृष्टीनं. आणि इतरांच्याही.

"आणि पुढच्या वेळी?" मनोहरांनी विचारलं.

"पुढचं पुढं बघू," बाई म्हणाल्या.

*

अकराच्या सुमाराला बाहेरचा आवाज बदलला. आसावरीनं पडद्याच्या फटीतून बघितलं. माणसं दीडशेच्या वर गेली होती आणि फुटपाथ सोडून हिरवळीवर आली होती. दोन पोलीस हात पसरून उभे होते, गाडी आडवी लावून. भोंगेवाल्यानं फोनवरून काहीतरी वाचून दाखवलं. त्यात डोरिसचं नाव होतं आणि बाथरूम हा शब्द होता. लोकांतून एक मोठा हुंकार उठला. तिनं लहानपणी नागपुरात गणपती विसर्जनाची गर्दी बघितली होती; तीत एक लाट यायची आणि पुढचे लोक आपोआप ढकलले जायचे. तसंच झालं. मेलबॉक्स खांबासकट उखडला गेला. गॅरेजच्या दाराची काच फुटल्याचा आवाज आला.

सुवर्णानं रीमाला पोटाशी धरून आतल्या बाथरूममध्ये नेलं. दीपा फोनवर जास्त पोलीस मागत होती. तिकडून सांगत होते की शहरात सगळीकडे हेच चाललंय, गाड्या येतील तशा पाठवतो.

सिद्धेशनं जॅकेटची चेन लावली. "मी बोलतो त्यांच्याशी."

"नको जाऊस," आसावरी म्हणाली. तिनं त्याची बाही धरली होती आणि तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं. सकाळपासून त्याचं तोंड बघू नये असं तिला वाटत होतं. "सिद्धू, ते शंभर-दीडशे आहेत."

"माझीच माणसं आहेत ना? तूच म्हणालीस."

तो गेला. दार उघडलं तसा थंड वाऱ्याचा आणि आवाजांचा एक लोट आत आला, आणि दार बंद झालं.

खिडकीशी जायची कुणाची हिंमत झाली नाही. पण बाहेरचे अर्धे लोक फोनवर लाइव्ह दाखवत होते. दीपानं एक लावला. स्वतःच्याच घराचं दार त्यांना फोनमध्ये दिसलं आणि दारासमोर, पायरीवर, सिद्धेश.

तो चांगलं बोलत होता. मी तुमच्यातला आहे, म्हणाला. प्लांटच्या गेटवर मी होतो, बुधवारी कोर्टासमोर होतो. मतपत्रिका फाटली की ती उतरवावी लागते, कायदा आहे तसा, दोन पक्षांची दोन माणसं असतात. लोकांनी हुर्यो उडवली. तो पुन्हा म्हणाला, कायदा आहे. तेव्हा भोंगेवाला पायरीपाशी आला. साठीतला माणूस होता, नीटनेटका, चष्मा लावलेला, चर्चमध्ये वाचन करणाऱ्यासारखा आवाज.

"बेटा, तू त्या खोलीत होतास?"

"नव्हतो."

"ती बाई म्हणते ती बाहेर गेली होती. मग त्या वेळात तुझ्या बापानं काय केलं ते तुला माहीत आहे?"

दीपानं फोन घट्ट धरला होता. आसावरी मनात म्हणत होती, हो म्हण. माहीत आहे म्हण. अडतीस वर्षं माहीत आहे म्हण. पाठीमागून कुणीतरी फेकलेलं काहीतरी सिद्धेशच्या खांद्याला लागलं आणि तो एक पाऊल मागे सरकला. त्याची पाठ दाराला लागली.

"आय डोन्ट नो," तो म्हणाला. "आय वॉजन्ट देअर."

"चौकशी व्हायला हवी की नको?"

"हवी."

"केलं असेल तर शिक्षा?"

सिद्धेशचे ओठ हलले. भोंगेवाल्यानं भोंगा त्याच्या तोंडापाशी धरला.

"येस," तो आवाज फोनमधून आला आणि त्याच क्षणी पुढच्या दारातूनही आला. "इफ ही डिड इट, येस."

लोकांनी आरोळी ठोकली. दाढीवाल्यानं सिद्धेशला मिठी मारली. कुणीतरी त्याच्या पाठीवर थापा मारत होतं.

आसावरी वळली. मनोहर तिच्या मागेच उभे होते. वाचायचा चष्मा डोळ्यांवर होता, म्हणजे त्यांना सगळं दिसलं होतं.

"आवाज कमी कर," ते म्हणाले. "रीमाला आत ऐकू जाईल."

*

त्यानंतर पाऊण तासात रस्ता रिकामा झाला. एक वाजता काउंटीच्या कोर्टापाशी मोठी सभा होती, सगळे तिकडे निघाले. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं. मुलाच्या तोंडचं ते वाक्य जेवणाच्या वेळेपर्यंत चॅनलवर लागायला लागलं. पोलिसांनी उखडलेला मेलबॉक्स उचलून ड्राइव्हवेच्या कडेला ठेवला आणि तेही गेले.

सिद्धेश आत आला तेव्हा त्याचे दात वाजत होते. "गेले," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं ना, जातील."

सुवर्णानं वरणाचं पातेलं गॅसवर ठेवलं होतं, ती ते ढवळत राहिली.

"बाबा, मला ते बोलावं लागलं. ते आत आले असते."

"हो," मनोहर म्हणाले. "आले असते."

"रीमा आत होती. आई होती. मला काय म्हणायचं होतं ते तुम्हाला माहीत आहे."

"तू काय म्हणालास ते ऐकलं मी," मनोहर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं दीपाला वाटलं.

आसावरीकडे सकाळपासून साठवलेली वाक्यं होती. आता त्यातलं एकही काढावंसं वाटेना. बाहेर भोंग्यासमोर ती असती तर, हा विचार तिच्या मनात येऊन गेला आणि तिनं तो पुढं नेला नाही.

सुवर्णानं टेबलावर ताटं मांडली. एक, दोन, तीन, चार, पाच. सहावं तिनं कपाटातून काढलं, हातात धरून ठेवलं, आणि परत ठेवून दिलं.

"सिद्धू, तू घरी जा," ती म्हणाली.

त्याला आधी कळलंच नाही. आईचा आवाज नेहमीचाच होता, जेवून जा म्हणताना असतो तसा.

"आई."

"तुझ्या जागी मीही तेच म्हणाले असते कदाचित. मला ठाऊक नाही. पण आज माझ्या हातून तुला वाढलं जाणार नाही. तू जा."

सिद्धेशनं दीपाकडे बघितलं. दीपा खुर्चीवर बसलेली होती. ती उठली नाही. रीमा बाथरूमच्या दारातून हे सगळं बघत होती. "इज डॅड इन ट्रबल?" तिनं विचारलं, आणि मनोहर म्हणाले, "नाही बाळा. दमलाय तो."

आजवर सिद्धेश या घरातून निघाला की सुवर्णा दारात उभी राहायची, गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत. पोरगा कितीही उशिरा निघो, कितीही भांडून निघो. आज तिनं तो पायरी उतरायच्या आतच दार लावलं, वरची साखळी घातली, आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा ती टेबलाशी भात वाढत होती.

सगळे जेवायला बसले. चौरंगावरची फुलं कुणी उचलली नव्हती. दोन-चार घास झाल्यावर सुवर्णा आसावरीला म्हणाली, "तुमच्याकडे खालच्या मजल्यावर खोली आहे ना गं? जिना नको यांना."

"आहे," आसावरी म्हणाली. "किती दिवस?"

"ते नको विचारूस."

सगळ्यांनी मनोहरांकडे बघितलं. पस्तीस वर्षांपूर्वी नागपूर सोडताना निर्णय त्यांनी घेतला होता, आणि सुवर्णा ट्रंका भरत होती. ते भात कालवत राहिले, ताट पूर्ण संपवलं, पाणी प्यायले.

"थंडी वाढलीय," ते म्हणाले. "जायचं तर पाण्याचा मेन बंद करून जावं लागेल. नाहीतर पाइप गोठून फुटतात."

मग ते उठले, हात धुतले, तळघराचा दिवा लावला आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागले.